गॉसफर्थचा क्रूस: चर्चच्या आवारात लोकी काय करतोय?

उत्तरवारा

इंग्लंडच्या वायव्येतल्या लेक डिस्ट्रिक्टला येणारे आपले बहुतेक लोक विंडरमियरला बोटीत बसतात, आइस्क्रीम खातात आणि मँचेस्टरला परत जातात. डोंगरांच्या पलीकडे, आयरिश समुद्राच्या अंगाला, फारसं कुणी फिरकत नाही. रस्ते अरुंद, पाऊस कायमचा आणि बघायला म्हणाल तर सेलाफील्डचा अणुप्रकल्प. माझं या भागात येणं त्या प्रकल्पाच्या कामामुळेच झालं. प्रकल्पापासून हाकेच्या अंतरावर गॉसफर्थ नावाचं गाव आहे. त्या गावाच्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या गर्दीत, एक दगडी क्रूस उभा आहे. हा धागा त्याच्याबद्दल.

क्रूस तांबूस वालुकाश्माचा, उंची ४.४२ मीटर. अभ्यासक त्याचा काळ साधारण ९२० ते ९५० असा देतात. तेव्हा आपल्याकडे राष्ट्रकूटांची सत्ता होती. तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यात रोवलेला हा दगड तेव्हापासून उघड्यावर आहे, आणि इतका सडपातळ आहे की जवळ गेल्यावर पहिला विचार येतो तो म्हणजे हा अजून पडला कसा नाही. खालचा भाग गोल, वर जाता जाता तो चौकोनी होतो. माथ्यावर आयरिश धाटणीचा, कडं घातलेला क्रूस आहे. गोल भागावर एकात एक अडकलेल्या कड्यांची नक्षी आहे. काही जणांना त्यात झाडाची साल दिसते आणि मग हा खांब म्हणजे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांच्या, पुराणातला विश्ववृक्ष इग्द्रासिल ठरतो. कल्पना सुरेख आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. समोरच्या मॅन बेटावरच्या क्रुसांवरही ही साखळी भरपूर आहे, आणि तिथे कुणी तिला झाड म्हणत नाही.

खरी गंमत चौकोनी भागावर आहे. चार बाजू आहेत आणि चारही बाजूंनी गोष्टी वर चढत जातात.

पूर्वेकडून सुरुवात करू. खालच्या बाजूला ख्रिस्त आहे. हात पसरलेले, कुशीतून रक्त वाहतंय, पण पाठीमागे क्रूस कोरलेलाच नाही. नुसत्या चौकटीत तो उभा आहे. त्याच्या पायाखाली दोन व्यक्ती: एक भालाईत आणि त्याच्या समोर एक बाई. भालाईत ओळखीचा आहे, ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसणारा रोमन शिपाई. बाई कोण यावर मात्र वाद आहे. पाठीवर केसांची लांब शेंडी, घोळदार झगा मागे लोळतोय आणि हातात शिंगासारखं काहीतरी. स्कँडिनेव्हियात सापडलेल्या चांदीच्या छोट्या पदकांवर अशाच बायका असतात, वीरांना मद्याचं शिंग देणाऱ्या. चर्चच्या बाजूने वाचलं तर ती सुगंधी तेलाची कुपी घेतलेली ख्रिस्ताची शिष्या मेरी मॅग्डालीन. शिल्पकाराला दोन्ही चालत असाव्यात, असं मला वाटतं.

आता त्याच बाजूला नजर वर न्या. एक माणूस आहे, एका हातात भाला. समोर लांडग्याचा आ वासलेला जबडा. माणसाचा एक पाय त्या जबड्यात आहे आणि मोकळ्या हाताने त्याने वरचा जबडा धरलाय. लांडग्याचं धड पुढे पीळ घेत घेत नक्षी होऊन वर जातं. हा विदार, नॉर्स देवांचा राजा ओडिन याचा मुलगा. रॅग्नारॉकला, म्हणजे देवांच्या अंतिम युद्धात, फेनरिर लांडगा ओडिनला गिळतो आणि विदार त्याचा जबडा फाडून बापाचा सूड घेतो. त्यासाठी त्याच्याकडे एक जाड बूट असतो. माणसं बूट शिवताना अंगठ्याच्या आणि टाचेच्या जागचे कातड्याचे तुकडे कापून टाकतात ना, त्या सगळ्या युगांच्या कातरणांचा तो बूट. म्हणून देवांना मदत करायची असेल तर ते तुकडे टाकून द्यावेत, असं जुनी गोष्ट सांगते.

पश्चिमेला, तळाशी, एक माणूस बांधून ठेवलाय. वरून साप आणि शेजारी एक बाई हातात वाडगा धरून. हा लोकी, देवांमधला कपटी. बाल्डर या लाडक्या देवाच्या मृत्यूला कारण झाला म्हणून देवांनी त्याला खडकांना बांधलं, तेसुद्धा त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी, आणि डोक्यावर विषारी साप टांगला. बायको सिगिन विष वाडग्यात झेलते. वाडगा भरला की तो ओतून यायला ती वळते, तेवढ्यात विष तोंडावर पडतं, लोकी तडफडतो आणि भूकंप होतो. ही सगळी गोष्ट तळहाताएवढ्या जागेत मावली आहे. त्याच बाजूला वर एक जण शिंग आणि काठी घेऊन दोन आ वासलेल्या राक्षसी तोंडांना थोपवतोय. बहुतेक हा हेमडाल, देवांचा पहारेकरी. रॅग्नारॉक आल्याची वर्दी शिंग फुंकून देणारा तोच. उरलेल्या बाजूंना घोडेस्वार आहेत, एक हरीण आहे, पंखवाला सर्प आहे.

सगळ्या प्रसंगांत मिळून निर्विवाद ख्रिस्ती प्रसंग एकच. बाकी सगळा जुना मामला, आणि तोही कुठे? चर्चच्या दारात, क्रुसावर.

याला लोक 'दोन धर्मांची सरमिसळ' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. नॉर्स गोष्टी काय कमी आहेत का? मेघगर्जनेचा देव थोर, त्याचा हातोडा चोरीला जातो आणि तो परत आणायला थोर नवरी बनून जातो, ही केवढी रंगतदार गोष्ट. ओडिन कवित्वाचं मद्य पळवतो. यातलं काही इथे नाही. इथे निवडून निवडून शेवटाच्या गोष्टी घेतल्यात: बांधलेला दुष्ट, सुटणारा लांडगा, शिंग फुंकणारा पहारेकरी, मरणारे देव. जुनं जग बुडतं आणि त्याच दगडाच्या तळाशी ख्रिस्त उभा आहे. ज्याने हे मांडलं त्याला दोन्ही कथा नीट पाठ होत्या आणि कुठली कशाशेजारी ठेवायची हे त्याने ठरवलं होतं. दगडावर केलेला हा युक्तिवाद आहे.

हे घडलं कसं तेही थोडक्यात. ९०२ साली आयरिश लोकांनी डब्लिनमधून नॉर्स मंडळींना हुसकावलं. त्यातले बरेच आयरिश समुद्राच्या या किनाऱ्यावर उतरले. इथल्या ओढ्याला आजही बेक म्हणतात आणि डोंगराला फेल, ती त्यांची खूण. पुढे ९२७ च्या १२ जुलैला पेनरिथजवळ ईमंट इथे इंग्लंडच्या अथेलस्टन राजाने उत्तरेच्या राजांना जमवून तह केला. अँग्लो-सॅक्सन बखरीत त्याची नोंद आहे, आणि तिच्यात एक कलम असं की सर्वांनी मूर्तिपूजा सोडायची. हा क्रूस त्याच पिढीतला. कलम कागदावर आलं, पण लोकांच्या डोक्यातून विदार आणि लोकी एका दिवसात कसे जातील?

चर्चच्या आत आणखी ऐवज आहे, तो प्रतिसादांत सांगतो. टाइप करून बोटं दुखली.

---

मुक्ताफळ

जबरदस्त. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: हे सगळं आधीपासून माहीत होतं की नंतर कुणी शोधून काढलं? गावच्या लोकांना हजार वर्षं ठाऊक होतं का, की आपल्या आवारात लोकी बसलाय?

---

उत्तरवारा

मुक्ताफळ, नव्हतं ठाऊक. मधली कित्येक शतकं तो 'आवारातला जुना क्रूस' होता, बस. दगडफुलाचा थर चढलेला, नक्षी अर्धी झाकलेली. १८८० च्या दशकात चार्ल्स अरुंडेल पार्कर नावाच्या हौशी संशोधकाने हे प्रसंग ओळखायला सुरुवात केली. पूर्वेचा प्रसंग ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा आहे हे त्याने दाखवून दिलं. विल्यम कॅल्व्हर्ली नावाचा पाद्री त्याच काळात याच कामामागे लागला होता. याने तर या क्रुसाची पूर्ण आकाराची प्रतिकृती करून ॲस्पेट्रिया गावच्या चर्चच्या आवारात उभी केली. ती आजही आहे. १८८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने प्लास्टरची प्रतिकृतीही मिळवली. लंडनला असाल तर तिथल्या कास्ट कोर्टमध्ये, म्हणजे प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या दालनात, जाऊन ती आधी बघा. उजेड चांगला आणि पाऊस नाही.

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पण खडा टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही.

विदारची, बुटाची, सिगिनच्या वाडग्याची गोष्ट आपल्याला कुठून कळते? आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनकडून. त्याचं लिखाण १२२० च्या आसपासचं. तुमचा क्रूस ९४० चा धरू. मध्ये पावणेतीनशे वर्षं आणि एक अख्खा महासागर. वर, क्रुसावर एक अक्षर कोरलेलं नाही. म्हणजे मूळ चित्राखाली मथळा नाही, आणि आपण तीन शतकांनंतरच्या परदेशी पुस्तकातला मथळा आणून चिकटवतोय. वेरूळच्या एखाद्या अनोळखी मूर्तीवर उत्तरकालीन पोथीतली कथा डकवावी तसा हा प्रकार नाही का? शिंगवाला माणूस म्हणजे हेमडालच कशावरून? शेवटच्या न्यायाच्या दिवशी तुतारी फुंकणारा देवदूत का नाही?

---

उत्तरवारा

शंकासुर, खडा योग्य जागी पडलाय. सगळ्या ओळखी सारख्या वजनाच्या नाहीत. माझा क्रम असा:

लोकी: पक्का. बांधलेला पुरुष, वर साप, शेजारी वाडगा घेतलेली बाई. हे तिन्ही एकत्र येतील असा बायबलमधला प्रसंग मला कुणी दाखवावा.

विदार: जवळजवळ पक्का. जबड्यात पाय हा तपशील फार नेमका आहे. आणि तुम्ही स्नोरीचं वय काढलंत म्हणून सांगतो, मी ते उलट बाजूने बघतो. स्नोरीने हे मनाने रचलं असेल अशी शंका घेणारे अभ्यासक होऊन गेलेत. पण त्याच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी, समुद्रापलीकडे, एक पाथरवट जबड्यात पाय कोरून बसलाय. म्हणजे स्नोरीने ऐकलेली गोष्ट खरंच जुनी होती. इथे पुस्तक दगडाची साक्ष देतं त्यापेक्षा दगड पुस्तकाची साक्ष जास्त देतो.

हेमडाल: इथे तुमच्याशी सहमत. शिंग आहे, राक्षस आहेत, पण नाव लावायला तेवढं पुरेसं नाही. मी 'बहुतेक' लिहिलं ते त्यासाठीच.

घोडेस्वार: कोण ते देवच जाणे. एक तर उलटा आहे, डोकं खाली आणि घोड्याचे पाय वर. त्याचं स्पष्टीकरण म्हणून जे जे वाचलं ते सगळं ओढूनताणून वाटलं.

---

टाकीचे_घाव

उलटा घोडेस्वार म्हणजे पडलेला, मेलेला वीर असेल का? आपल्या वीरगळांवर मेलेला वीर आडवा दाखवतात, म्हणून विचारलं.

मी वीरगळांच्या मागे हिंडणारा माणूस, त्यामुळे हे वाचताना सारखं तेच डोक्यात येत होतं. वीरगळ खालून वर वाचतात. तळाला लढाई आणि मृत्यू, मधल्या थरात अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या थरात तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीला एकसरचे वीरगळ बघितलेत का? त्यावर चक्क जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. सोमेश्वर शिलाहार आणि महादेव यादव यांच्या युद्धाशी त्यांचा संबंध जोडतात. तेही वस्तीत, रस्त्याच्या कडेला उभे आहेत, आणि जाणारे-येणारे शेंदूर फासून पुढे जातात.

पण एक फरक ठळक जाणवला. वीरगळाला थर असतात, आडव्या पट्ट्या असतात. एक प्रसंग संपला, रेघ, पुढचा सुरू. तुमच्या वर्णनात अशा पट्ट्या दिसत नाहीत. मग वाचणाऱ्याला कळायचं कसं, कुठला प्रसंग कुठे संपला?

---

उत्तरवारा

टाकीचे_घाव, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. पट्ट्या नाहीतच. इंग्लंड-आयर्लंडचे बहुतेक मोठे क्रूस चौकटी-चौकटींचे असतात. आयर्लंडमधला मोनॅस्टरबॉइसचा मुइरेदाखचा क्रूस बघा, एकेक चौकट म्हणजे एकेक प्रसंग, तुमच्या वीरगळासारखीच शिस्त. गॉसफर्थला मात्र आकृत्या मोकळ्या दगडावर तरंगतात, आणि राक्षसांच्या शेपट्या एका प्रसंगातून निघून दुसऱ्यापर्यंत पोचतात. चौकट आहे ती फक्त ख्रिस्ताला. त्याच्या भोवती रेघ आणि बाकी सगळं जग मोकाट. हे अनवधानाने झालं असं मी मानणार नाही.

उलटा स्वार म्हणजे पडलेला वीर, हे वाचायला छान वाटतंय. पण हा क्रूस कुणाच्या नावाचं स्मारक आहे असं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे वीर कोण, हा प्रश्न उरतोच.

---

रेघोट्या

मी स्वतः दगडात काम करते, म्हणून कारागिराच्या बाजूने थोडं.

पहिलं म्हणजे दगडाची निवड. वालुकाश्म टाकीला पटकन वश होतो, पण पापुद्रे सुटायची भीती कायम. इतकी उंच आणि बारीक शिळा काढायची तर खाणीतच थरांची दिशा बघून ती निवडावी लागते. आडवा थर मध्ये आला की उभी करतानाच ती मोडणार. म्हणजे कारागीर सोडाच, खाणीतून दगड काढणारा माणूससुद्धा कसबी होता.

दुसरं, गोलातून चौकोनात जाणारा भाग. फोटोत बघितलं तर चौकोनी बाजूंच्या खालच्या कडा अर्धगोल होऊन गोल खांबावर उतरतात, जणू कापड खाली ओघळलंय. हा सांधा कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात चारही बाजूंचे अर्धगोल एका पातळीत आणताना घाम फुटतो. एक बाजू दोन सूत खाली गेली की बाकीच्या तीनही खाली घ्याव्या लागतात.

तिसरं, उठाव. उठाव फार कमी आहे, आकृत्या जेमतेम वर आल्यात. अशा कामाला आमच्याकडे रंगाची साथ असते. त्या काळातल्या इंग्लंडमधल्या काही शिल्पांवर पांढरा लेप आणि रंगाचे अंश सापडलेत असं वाचलंय. हा क्रूस जर तसा रंगवलेला असेल, तर सापाचे पीळ एका रंगात, माणसं दुसऱ्या रंगात, आणि टाकीचे_घाव यांचा प्रश्न तिथेच सुटतो: थर रेघेने नाही, रंगाने वेगळे.

---

वसईचा_पोऱ्या

मस्त चाललाय धागा. आमच्याकडे नाक्यानाक्यावर खुरूस, म्हणजे क्रूस, असतात, त्यामुळे उघड्यावरचा खुरूस म्हणजे थडगंच असणार असं मला कधी वाटलंच नाही. मुंबईच्या गावठाणांत तर १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी मोठमोठे खुरूस उभारले, साथ टळावी म्हणून. अजून तिथे मे महिन्यात प्रार्थना होतात, हार पडतात. गॉसफर्थचा क्रूसही गावाने एकत्र जमायची जागा असू शकते की.

आणि जुन्या गोष्टीच्या साच्यात नवी गोष्ट ओतणं म्हणाल तर आपल्याकडे त्याचं बापजन्माचं उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. गोव्यात आला, मराठी शिकला आणि ख्रिस्ताची अख्खी कथा ओव्यांत लिहून काढली. १६१६ साली राशोलला ते 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना पुराणच दिलं. फरक इतकाच की त्याने जुन्या देवांना आत घेतलं नाही, फक्त त्यांचा घाट घेतला. गॉसफर्थवाल्याने देवच आत घेतले. हिंमत जास्त कुणाची?

---

शंकासुर

हिंमत नाही हो, गिऱ्हाइकाची मर्जी. पैसे देणारा कुणीतरी नॉर्स जमीनदार असणार. बायको ख्रिस्ती, आजोबा ओडिनवाले. तो म्हणाला असेल, आमचेही चार जण घाला. पाथरवटाने घातले. तुम्ही त्यात युक्तिवाद शोधताय.

---

एडिनबराची_काकू

शंकासुर, असं असतं तर थोर पहिला आला असता. जमीनदारांचा लाडका तोच. या खांबावर थोर कुठाय?

उत्तरवारा, तुमच्या क्रुसाचा शेजारी सांगू का? सीमा ओलांडून डम्फ्रीजच्या बाजूला रुथवेल म्हणून खेडं आहे. तिथला क्रूस तुमच्यापेक्षा जुना, आठव्या शतकातला. त्यावर रुनिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या, लिपीत जुन्या इंग्रजी कवितेच्या ओळी आहेत, क्रूस स्वतः बोलतोय अशा. शंकासुरांना हवा तसा मथळा तिथे आहे! पण त्याची दैना ऐका. १६४० च्या सुमारास स्कॉटलंडच्या चर्चने मूर्तिपूजेच्या विरोधात फर्मान काढलं आणि तो क्रूस तोडला गेला. तुकडे चर्चच्या जमिनीत आणि आवारात पडून राहिले. पुढे हेन्री डंकन नावाच्या तिथल्या पाद्रीबाबांनी ते गोळा करून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बागेत पुन्हा उभे केले. आडवा दांडा सापडेना, तर नवीन करून बसवला. हेच डंकन १८१० साली गोरगरिबांसाठी बचत बँक काढणारे. माणूस रिकामा बसणाराच नव्हता. १८८७ मध्ये तो क्रूस चर्चच्या आत नेला. त्यासाठी जमीन खोल खणून खास कोनाडा बांधला, कारण छताखाली तो मावेना.

मग तुमचा गॉसफर्थचा त्या फर्मानातून सुटला कसा? सीमेच्या अलीकडे म्हणून?

---

उत्तरवारा

काकू, फर्मान स्कॉटलंडचं होतं, पण इंग्लंडमध्येही त्याच शतकात क्रूस फोडणाऱ्यांची कमतरता नव्हती. गॉसफर्थ आडवळणाला होतं हा एक फायदा झाला असावा. तरीही सगळं वाचलं असं नाही. इथे निदान आणखी एक मोठा क्रूस होता. त्याला कापून त्याच्या बुंध्याची सूर्यघड्याळाची बैठक केली. या पावसात सूर्यघड्याळ!

आता थोर. आहे, काकू, थोर आहे, फक्त या खांबावर नाही. चर्चच्या आत भिंतीत एक दगड बसवलाय, त्याला इथले लोक मासेमारीचा दगड म्हणतात. एका होडीत दोघे जण. एकाच्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला बैलाचं मुंडकं. भोवती मासे. थोर हिमिर राक्षसाला घेऊन समुद्रात गेला आणि बैलाच्या मुंडक्याचं आमिष लावून जगाला विळखा घालून बसलेला सर्प गळाला लावला, ती ही गोष्ट. दगडाच्या वरच्या भागात एक हरीण सापांशी झुंजतंय, आणि ते चर्चच्या भाषेत ख्रिस्ताचं रूप. पुन्हा तेच: खाली थोरचा साप, वर ख्रिस्ताचा साप. शंकासुर, एकदा गिऱ्हाइकाची मर्जी म्हणू. दोन दगडांवर, दोनदा, प्रसंगांच्या अशा नेमक्या जोड्या लागल्या तर मी त्याला विचार म्हणेन. रिचर्ड बेली हे इथल्या शिल्पांवर आयुष्यभर काम केलेले अभ्यासकही या जोड्या जाणूनबुजून लावलेल्याच मानतात.

शेजारी दोन हॉगबॅक आहेत. हे घराच्या आकाराचे थडग्यांचे दगड, वर कौलारू छप्पर कोरलेलं, आढं मध्ये पोक आल्यासारखं उचललेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चर्चची डागडुजी चालू असताना ते इमारतीच्या पायाच्या दगडांत सापडले. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी थडग्यांचे दगड सरळ बांधकामाला वापरले होते. एकावर समोरासमोर ठाकलेल्या दोन फौजा आहेत, ढालीला ढाल भिडलेली.

---

कोकणकडा

अवांतर: गोव्यात आगशीला झुआरीच्या काठी २००१ साली एक दगडी क्रूस सापडला, त्यावर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीत मजकूर आहे. केरळातले कोट्टायम वगैरे ठिकाणचे आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचा, सगळे त्याच घराण्यातले. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीचे. त्यांत क्रूस कमळावर उभा असतो. पिलारच्या संग्रहालयात आगशीचा दगड बघायला मिळतो. तिथे जाणारे थोडेच, पण गेलात तर चुकवू नका.

---

मुक्ताफळ

कोकणकडा, यावर वेगळा धागा काढा, इथे गुंडाळू नका.

मूळ मुद्द्यावर येते. हजार वर्षं पावसात उभा आहे, वालुकाश्म आहे, उठाव आधीच कमी. मग तो आत का नेत नाहीत? आयर्लंडमध्ये क्लोनमॅकनॉइसला मूळ क्रूस आत नेऊन बाहेर प्रतिकृती उभ्या केल्यात, तशी सोय इथे का नाही?

---

रेघोट्या

माझं मत आत नेण्याच्या बाजूने. दगड एकदा पापुद्रे सोडायला लागला की थांबत नाही. पाणी आत शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं, कण सुटतात. लोकीच्या बायकोच्या हातातला वाडगा आधीच अंदाजाने बघावा लागतोय. अजून शंभर वर्षांनी नुसता खांब उरेल.

---

टाकीचे_घाव

विरोध. आमच्याकडे वीरगळ उचलून संग्रहालयात नेले की ते ओळीने भिंतीला टेकवून ठेवतात, खाली नंबर. कुठल्या गावाच्या वेशीवर होता, तोंड कुठे होतं, सगळं जातं. या क्रुसाचा ख्रिस्त पूर्वेकडे आहे, लोकी पश्चिमेकडे. छपराखाली नेऊन कोपऱ्यात उभा केला तर पूर्व-पश्चिम काय उरणार?

---

उत्तरवारा

दोघांचंही पटतं, पण मत द्यायचंच तर मी रेघोट्यांच्या बाजूने. दिशा प्रतिकृतीतही राखता येते, आणि ॲस्पेट्रियाला कॅल्व्हर्लीने दाखवून दिलंय की गावातल्या गावात तेवढ्या तोडीची प्रतिकृती होऊ शकते. शिवाय लंडनचं प्लास्टर आहे. ते म्हणजे या दगडाची १८८२ सालची तब्येत. बाहेरचा दगड त्यानंतरचाही सगळा पाऊस खाऊन बसलाय. अडचण वेगळी आहे: साडेचार मीटरचा, बारीक, जुना दगड चौथऱ्यातून उपटायचा कुणी आणि कसा? उचलताना मोडला तर?

ज्यांना प्रत्यक्ष यायचंय त्यांच्यासाठी: कार्लाइलहून समुद्रकाठची गाडी पकडा, व्हाइटहेवन करत सीस्केलला उतरा. तिथून गाव चार-पाच किलोमीटर, चालत किंवा टॅक्सीने. ख्रिस्त आणि विदार बघायचे तर सकाळी, लोकी संध्याकाळी. दुपारच्या सपाट उजेडात किंवा ढगाळ हवेत काही दिसत नाही, उन्हाची तिरीप पाहिजे. पाऊस नुकता थांबला असेल तर सोन्याहून पिवळं, ओल्या दगडावर रेषा गडद होतात. हात लावू नका, खडूने रेषा गिरवणं तर नकोच. आवारात कॉर्कचं, म्हणजे ज्याच्या सालीची बाटलीची बुचं होतात ते, एक झाड आहे, १८३३ साली लावलेलं. युरोपातलं सगळ्यात उत्तरेकडचं असं इथले लोक अभिमानाने सांगतात. तेवढ्यावर न थांबता पुढे वॉसडेलला जा. वास्ट वॉटर हा इंग्लंडमधला सगळ्यात खोल तलाव तिथे आहे, आणि स्कॅफेल पाइक शिखराची वाटही तिथूनच सुटते.

---

एडिनबराची_काकू

आणि जमलं तर मॅन बेटावरही जा हो. तिथे अँड्रियासच्या चर्चमध्ये थोरवाल्डचा क्रूस म्हणून एक तुटका दगड आहे. एका बाजूला ओडिन, खांद्यावर कावळा, पाय लांडग्याच्या तोंडात. दुसऱ्या बाजूला हातात क्रूस आणि ग्रंथ घेतलेला माणूस सापाला तुडवतोय. एका दगडाच्या दोन बाजू. शंकासुर, आता याचाही गिऱ्हाईक तोच का?

---

शंकासुर

काकू, त्या क्रुसावर थोरवाल्डने तो आपण उभारला असं रुनिक अक्षरांत कोरून ठेवलंय. म्हणजे गिऱ्हाइकाचं नावच दगडावर आहे. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, धन्यवाद.

---

एडिनबराची_काकू

नाव कोरलं म्हणून विचार केला नाही असं कुठे सिद्ध झालं? आणि ओडिनला लांडगा खातोय तीच बाजू त्याने निवडली, ओडिन जिंकतोय अशी नाही. आपले पैसे खर्चून आपल्याच देवाचा पराभव कोण कोरून घेईल, तेवढं सांगा, मग पुढे बोलू.

---

शंकासुर

विचार करतोय. उद्या लिहितो.